कराची ते मुंबई, पावणेचार तास

माझ्या सासूबाईंचा एक नियम होता. घरातलं माणूस परगावी निघालं की त्याच्या मागोमाग घर झाडायचं नाही. आमच्या भागात हे सगळेच पाळायचे. माणसाच्या पाठोपाठ केर काढला तर आपण त्यालाच घराबाहेर काढल्यासारखं होतं, ते परत येत नाही, अशी समजूत. पण इतर घरांत गाडी शिवेपलीकडे गेली की बाया मोकळ्या व्हायच्या. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, शीव पुरायची नाही. माणूस मुक्कामी पोचेपर्यंत केरसुणी कोपऱ्यात. आमच्या गोरेगावाहून हिंगोली दहा कोस. पहाटे निघालेली बैलगाडी दिवस मावळता पोचायची. तोवर ओसरीवर कोंबड्यांनी काय वाट्टेल ते करावं. आणि मला तर केराची मुळातच चीड. माहेरी मी दिवसातून तीनदा झाडायची. "हिला आंदण म्हणून केरसुणीच द्या," असं आई सगळ्यांसमोर म्हणायची.

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच हे कराचीला गेले. हे म्हणजे माझे मालक. त्यांचं नाव मी तेव्हा घेत नव्हते, आताही घेणार नाही, सवयच नाही. हिंगोलीच्या शाळेत उर्दूतून शिकले होते, अक्षर मोत्यासारखं, आणि तिकडे बंदरावरच्या एका व्यापाऱ्याला असा कारकून हवा होता. एकदोन वर्षांत खोली बघून मला नेणार होते. त्या पहिल्या प्रवासाला आगगाडीचे चार दिवस लागले. आत्याबाईंनी चार दिवस घर झाडू दिलं नाही. पाचव्या दिवशी मी केर काढला तेव्हा शेजारच्या चाची दारात उभ्या राहून हसत होत्या. "अगं, वो पैदल गया होता तो कचरा छत तक आ जाता," त्या म्हणाल्या.

चाचा-चाची आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. चाचांचा बांगड्यांचा धंदा. गळ्यात बांगड्यांच्या माळा, डोक्यावर पेटी, आणि आज या गावच्या बाजाराला तर उद्या त्या. त्यामुळे दहा-वीस कोसांतल्या वाटा त्यांना आमच्या अंगणासारख्या माहीत. चाचीही माणूस गेल्यावर झाडत नसत, पण त्यांचं शिवेपुरतं.

सासरे मास्तर होते. मी त्यांना मामंजी म्हणायची. शाळेतून मोकळे झाल्यावर त्यांनी एक जुना, कापडावर चिकटवलेला नकाशा घरी आणला होता. फाटला म्हणून शाळेनं टाकून दिलेला. त्यावरची नावं उर्दूत, आणि कोपऱ्यात एक पट्टी: एका इंचाला शंभर मैल. मामंजींना अंतरांचं वेड होतं. ओसरीवर कोणी पाणी प्यायला टेकलं तरी त्याला विचारायचे, "सांगा बरं, मद्रास ते लाहोर किती?" तो बिचारा तांब्या खाली ठेवून निघून जायचा. मग मामंजी सुताचा धागा ओला करून पिळायचे, एका गावावर त्याचं टोक धरायला मला सांगायचे, आणि दुसऱ्या गावापर्यंत ताणायचे. कोरडा धागा ताणला की लांबतो आणि लबाडी करतो, असं त्यांचं म्हणणं. चार वर्षांत मी धागा धरून धरून अख्खा देश फिरून आले, गोरेगावाच्या बाहेर पाऊल न टाकता.

मग देशाचे दोन तुकडे झाले आणि कराची तिकडे गेली. आम्ही मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, ना इकडे ना तिकडे. यांची पत्रं विरळ झाली. बंदरावरचा व्यापारी म्हणतो काही होणार नाही, असं एका पत्रात. शेजारची खोली रिकामी झाली, असं पुढच्यात. त्यानंतर दोन महिने काहीच नाही.

इकडेही बरं चाललं नव्हतं. बाजाराच्या दिवशी खाकी कपड्यातली, हातात भाले-बंदुका घेतलेली माणसं येऊन चावडीपुढं बसायची. नुसती बघत राहायची. ती उठून गेली तरी बाजार परत भरायचा नाही. वऱ्हाडची हद्द आम्हाला जवळ, म्हणून एकेक घर गुरंढोरं घेऊन वाशीमच्या बाजूला जाऊ लागलं. संध्याकाळी धूर निघायचा ती घरं मी मोजायची. आज नऊ, उद्या सात. आमची गाठोडीही बांधून ठेवली होती, माजघरात भिंतीला लावून. पण आत्याबाई हटून बसल्या. "माजं पोरगं येईल आन घराला कुलूप पाहील, मंग ते कुठं जाईल?" हे आले की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी हद्द ओलांडायची, असं ठरलं. आम्ही तिघं वाचणार की नाही हे असं एका माणसाच्या येण्यावर लटकलं होतं.

अठ्ठेचाळीसची होळी झाली आणि एका सोमवारी पत्र आलं. वाटेत कुठे कुठे पडून राहिलेलं, कडा मळलेल्या. आगगाडीनं निघणं आता धोक्याचं, बोटीवर जागा नाही; व्यापाऱ्याच्या ओळखीनं विमानात जागा मिळाली आहे. अमुक तारखेला, म्हणजे येत्याच गुरुवारी, सकाळी आठला विमान सुटेल, मुंबईला उतरेन, तिथून रेल्वेनं घरी. एवढंच. मुंबईत कुठे उतरणार, किती दिवस राहणार, काही नाही.

आत्याबाईंनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि भलताच प्रश्न काढला. "आभाळात शीव कुठं असती?"

"आभाळात कशाची शीव," मामंजी म्हणाले.

"मंग मी झाडावं कवा? गाडीचं कळतं, पायी चालणाराचं कळतं. हे वर जाऊन राहिलं. ते पोचलं हे मला कसं कळावं?"

मी हसले असते, पण त्यांचा चेहरा बघून हसू आलं नाही. मामंजीही हसले नाहीत. त्यांनी नकाशा काढला. मी धागा ओला केला. कराचीवर माझं बोट, मुंबईवर त्यांचं. मधे बहुतेक निळा समुद्र, एका जागी तेवढा जमिनीचा कोपरा. धाग्याखाली ओळखीचं एक गाव नाही की एक नदी नाही. मामंजींनी धागा पट्टीवर ठेवला: साडेपाच इंच. साडेपाचशे मैल. विमान तासाला दीडशे मैल जातं असं त्यांनी कुठल्याशा उर्दू अखबारात वाचलं होतं. त्यांनी पाटीवर भागाकार केला, पुसला, परत केला.

"पावणेचार तास," ते म्हणाले. "थोडं कमीच. चढाउतरायला पाव तास धरा. आठला निघालं तर बाराच्या ठोक्याला मुंबई."

"चार दिसांची वाट चार तासांत?" आत्याबाईंचा विश्वास बसेना.

"चार दिवसांची वाट वाकडी होती. ही सरळ आहे."

चाचा तेव्हा ओसरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं, आणि मग हळूच म्हणाले, "मास्तरजी, आसमान की फिकर छोडो. वहां कौन रोकता है? हिंगोली से गोरेगाव का रस्ता देखो. मैं कल उधर से आया. मेरा भी दिल घबराया."

"त्या रस्त्यावर तो लहानपणापासून चालला आहे," मामंजी म्हणाले.

"रस्ता वही है," चाचा म्हणाले. "चलनेवाले बदल गये."

ते असंही म्हणाले की मुंबईहून अकोल्याला उतरून वाशीमवरून यायला सांगा, तो मुलूख निजामाचा नाही. पण सांगणार कुठं? मुंबईचा पत्ताच नव्हता. मामंजींनी मग पुढचा हिशोब केला, तोही पाटी न घेता, बोलता बोलता: गुरुवारी मुंबई, एक दिवस विसावा, शनिवारी गाडी, सोमवारी हिंगोली. रविवारी आपण बैलगाडी घेऊन निघू. आभाळाचा हिशोब त्यांनी दोनदा ताडून बघितला. जमिनीचा अंदाजानं सोडून दिला. मला आज त्यांचा राग येतो तो एवढ्याचसाठी, आणि राग आला की त्यांची कीवही येते. आम्हा सगळ्यांनाच भीती वरची होती. खालचं आमचं होतं ना!

गुरुवार उजाडला. विमान आठला सुटणार असलं तरी हे खोलीतून पहाटेच निघाले असतील, म्हणून आत्याबाईंनी बुधवारी दिवेलागणीपासूनच केरसुणी बंद केली. त्यात आदल्या दिवशी हरभरा बडवून झालेला. ओसरीभर फोलपटं, काड्या, वर कोंबड्यांचा धुमाकूळ. मामंजी खिशातलं घड्याळ मांडीवर ठेवून बसले. आठ वाजले तसे म्हणाले, "उडालं." नऊ वाजता, "दीडशे मैल." दहाला, "तीनशे. अर्ध्याच्या पुढं." आत्याबाई जात्यापाशी बसून होत्या, पण दळत नव्हत्या. अकराला मामंजींनी नुसती मान हलवली.

मला राहवेना. काय सांगू, चार वर्षांनी माणूस येत होतं. त्या घाणीत मला बसवत नव्हतं. अंगण सारवायचं होतं, डोक्यावरून न्हायचं होतं. मामंजी घड्याळ ठेवून परसात गेले, आत्याबाई त्यांच्यामागून पाणी घेऊन गेल्या, आणि मी घड्याळात पाहिलं. पावणेबारा. पावणेचार तास झाले की! चढायला-उतरायला पाव तास हा मामंजींचा धाक, असं मीच मला समजावलं. केरसुणी उचलली आणि सपासप ओसरी झाडली. सुपलीभर केर निघाला. एकदा भरून टाकला, मग पुन्हा अर्धी सुपली. दोघं परत आले तेव्हा मी हात धूत होते. घड्याळात पाच कमी बारा. आत्याबाईंनी ओसरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मामंजींनी बारा वाजल्यावर "उतरलं" म्हटलं, आणि आत्याबाईंनी देवापुढं गूळ ठेवला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. हद्दीच्या बाजूला जाणारी आणखी दोन घरं. शनिवारी दुपारनंतर आमचे बैल उगीच हंबरत होते, एवढंच मला आठवतं. रविवारी पहाटे मामंजी आणि चाचा गाडी जुंपून हिंगोलीला गेले. मंगळवारी दिवस मावळताना गाडी परत आली. लांबूनच मला दिसलं की पुढं दोघंच आहेत. मी मागे बघत राहिले, हे गवतावर आडवे होऊन झोपले असतील म्हणून. गाडी अंगणात आली तरी मी बघत होते.

सोमवारच्या गाडीला हे आले नव्हते. शनिवारीच आले होते. स्टेशनाबाहेर चहा विकणाऱ्यानं सांगितलं: काळी पेटी होती, हातात छत्री होती, गोरेगावची गाडी आली का म्हणून विचारलं. थोडा वेळ बसले. मग त्याच बाजूला जाणारे दोन प्रवासी एका गाडीत बसून राहिले होते, त्यांच्याबरोबर निघाले. गाडीवाला कुठल्या गावचा, कोणाला ठाऊक नव्हतं. वाटेवरच्या प्रत्येक गावात मामंजी आणि चाचा उतरून विचारत आले. अशी गाडी कोणी पाहिली नव्हती, किंवा पाहिली तरी सांगत नव्हतं. एका गावात लोकांनी चाचांकडे बघून दार लावून घेतलं, दुसऱ्या गावात मामंजींकडे बघून.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी केरसुणी उचलून माळ्यावर टाकली. "ते अजून वाटंवर हाय," त्या म्हणाल्या. बस. त्यानंतर अकरा दिवस आमच्या घरात झाडलं गेलं नाही. चुलीची राख ओसरीपर्यंत आली. पायाखाली कचकच लागायची. मी, केराची चीड असलेली मी, त्यात गुपचूप वावरत होते आणि एक काडीही उचलत नव्हते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: पावणेबारा. पाव तास.

अकराव्या दिवशी दुपारी चाचा आले. बरोबर एक गुराखी, त्याच्या डोक्यावर पेटी. कयाधू नदीच्या कोरड्या पात्रात, करंजाखाली सापडली होती. कुलूप फोडलेलं. आत एक टॉवेल आणि फुटलेला आरसा, त्याला मागे निळं फूल. तो आरसा कोणासाठी आणला होता ते विचारायची गरज नव्हती. बाकी काही नाही. माणसाचा पत्ता लागलाच नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

आत्याबाई पेटीजवळ बसल्या. झाकण लावलं, उघडलं, लावलं. मग उठून माळ्यावरची केरसुणी काढली आणि माझ्या हातात दिली. "झाड," त्या म्हणाल्या. मी झाडायला लागले तेव्हा कुठं त्या रडल्या.

आणि त्यानंतर महिन्यानं, वैशाखात, एक कार्ड आलं. यांच्याच हातचं, मुंबईहून, त्या गुरुवारी लिहिलेलं. हद्दीवर टपाल अडकलं होतं. मोत्यासारखं अक्षर. "सुखरूप पोचलो. विमान दोन तास उशिरा, दहाला सुटलं. पण हवेत बराबर पावणेचार तास लागले, दादांना सांगा, ते विचारतीलच. वरून समुद्र सारवलेल्या अंगणासारखा दिसतो. इथे थांबत नाही, आज रात्रीच निघतो. शनिवारी हिंगोली."

मामंजींनी, म्हणजे यांच्या दादांनी, कार्ड वाचलं. "हिशोब बराबर निघाला," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून निजले. दुसऱ्या दिवशी नकाशा गुंडाळून पेटीत, त्याच पेटीत ठेवला. ओसरीवर कोणी आलं तरी पुन्हा कधी अंतर विचारलं नाही.

माझ्या मनात मात्र कार्डातली एकच ओळ रुतून बसली. दहाला सुटलं. म्हणजे पाव तासाचा प्रश्नच नव्हता. मी झाडत होते तेव्हा हे आभाळातच होते, अर्ध्या वाटेतही नव्हते.

मला कळत नाही असं नाही. विमान तर सुखरूप उतरलं. त्यांना केरसुणीनं नेलं नाही, माणसांनी नेलं. हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलं, आणि हजार वेळा ते पटलं, आणि तरीही रोज सकाळी केरसुणीला हात लावताना हात थबकायचा.

आम्ही वऱ्हाडात गेलो नाही. जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. पावसाळा संपता संपता हिंदुस्थानची फौज आली आणि भीतीनं घर बदललं. आमच्या घरातून उठून चाचांच्या घरात गेली. ते हैदराबादला निघाले तेव्हा चाचींनी मला दोन्ही हात भरून बांगड्या घातल्या. यांचं प्रेत मिळालं नाही, म्हणून गावानं बारा वर्षं वाट बघायला सांगितली होती. कुंकू पुसायचं नाही. बांगड्या घालताना एक फुटली, चाचींनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राहू द्या चाची, दुसरी घाला." ते गेल्यावर आत्याबाईंनी त्यांच्यासाठी तीन दिवस घर झाडू दिलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मामंजींना विचारलं, "हैदराबाद किती मैल हो?" मामंजी म्हणाले, "मला ठावं न्हाई."

आत्याबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. बारा वर्षं उलटून गेली, माझ्या कपाळाचं जे व्हायचं ते झालं, मामंजी गेले, आणि घरात आम्ही दोघीच उरलो. भांडायचो, एका ताटात जेवायचो. त्या गुरुवारबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत आणि मीही नाही. शेवटच्या आजारपणात एकदा दुपारी मी ओसरी झाडत होते. झाडता झाडता हात थांबला असेल, मला कळलंही नाही. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बये," त्या म्हणाल्या, "तू जिवाला लावून घेतलं, मला ठावं हाय. काहून घेतलं? त्या दिशी तुज्या आधी मीच झाडलं व्हतं. तू गोठ्यात गेलती तवा. नऊबी वाजले नव्हते. मला घाण बघवंना. तुजं काईच न्हाई त्यात. समदं माजं हाय."

माझ्या डोळ्यांपुढे ती ओसरी उभी राहिली. हरभऱ्याची फोलपटं, काड्या, कोंबड्यांची घाण. भरलेली सुपली, आणि मग पुन्हा अर्धी. नऊच्या आधी कोणी झाडलेल्या ओसरीवर एवढा केर नसतो.

"व्हय आत्याबाई," मी म्हटलं. "मला तवाच वाटलं व्हतं. केरच निघाला न्हाई त्या दिशी."

त्यांनी डोळे मिटले. त्या दमल्या होत्या. मी उरलेली ओसरी झाडून घेतली.